आधी वार ठरवा, मग वाट

मुंबईत पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचं हे घरोघरी ठरलेलं असतं. गेटवे, राणीचा हार, हाजीअली, वेळ उरला तर काळा घोड्याजवळचं मोठं वस्तुसंग्रहालय, आणि जेवायला जिथे बाहेर सर्वांत लांब रांग दिसेल ते हॉटेल. त्यात गैर काही नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला आलेल्या पाहुण्याला यापलीकडचं काही हवं असतं. जन्म मुंबईत काढून घर ते ऑफिस एवढीच मुंबई पाहिलेल्या आपल्यासारख्यांनाही ते हवं असतं. ते भरपूर आहे. पाहायची रीत मात्र थोडी वेगळी आहे.

लहान संग्रहालय किंवा जुनी खानावळ गाठायची तर पत्ता नंतर शोधा, आधी वार बघा. मोठी हॉटेलं आणि मॉल सातही दिवस सारखेच चालतात. लहान ठिकाणं आपापल्या वस्तीच्या घड्याळावर चालतात. फोर्टचं घड्याळ कचेरीचं. रविवारी तिथे साधा चहा मिळायची मारामार. गिरगावचं घड्याळ सकाळचं. माटुंग्याचं कुटुंबांचं. हे लक्षात न घेता निघालात तर एक तरी दार बंद मिळणार: संग्रहालय उघडं असेल तर खानावळीचं शटर खाली, आणि खानावळ उघडी असेल तर संग्रहालयाला साप्ताहिक सुट्टी. म्हणून इथे ठिकाणांची जंत्री नाही, वारांनुसार जोड्या आहेत. एक संग्रहालय, आणि जमेल तिथे पायी अंतरावर खाण्याची जागा. वेळा आणि प्रवेशाचे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा आदल्या दिवशी एक फोन करायचाच. इंटरनेटवर ‘आता उघडे’ असं हिरव्या अक्षरांत लिहिलेलं असतं, त्यावर विसंबून ठाण्याहून निघू नका.

फोर्ट: रजा काढून

फोर्टसाठी मंगळवार ते शुक्रवारातला एखादा दिवस घ्या. त्यापायी एक किरकोळ रजा गेली तरी हरकत नाही. सकाळी अकराच्या सुमारास सर फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या अमर बिल्डिंगमध्ये पोहोचा. तिथे रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे. २००४ साली तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते ते सुरू झालं. रोज त्या फुटपाथवरून जाणाऱ्या हजारो माणसांपैकी फार थोडी आत वळतात. सोमवारी आणि बँकेच्या सुट्टीला ते बंद असतं. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, त्यामुळे शनिवारी जायचंच असेल तर ते दोन टाळा, उगाच धोका नको. ओळखपत्र जवळ ठेवा आणि मोठी बॅग घरीच ठेवून या.

आत गेल्यावर प्रत्येक पाटी वाचत बसू नका, दमून जाल. कवड्या आणि आहत नाणी पाहून घ्या, मग थेट रुपयापाशी या. शेरशाह सुरीने सोळाव्या शतकात सुमारे साडेअकरा ग्रॅम चांदीचा रुपया पाडला, आणि पुढे मुघल, मराठे, संस्थानिक, कंपनी सरकार या सगळ्यांनी त्याच वजनाच्या आसपास राहणं पसंत केलं. राज्यं बदलली तरी व्यापाऱ्याचा तराजू बदलला नाही, हे एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत चालताना सहज कळतं. मग हुंड्या बघा. व्यापारी लिपीतला तो कागदाचा तुकडा एका गावातून दुसऱ्या गावी पैसे पोहोचवत होता, आणि त्यामागे जामीन होती ती फक्त पेढीची पत. शेवटचा टप्पा नोटांचा. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या रिझर्व्ह बँकेची पहिली नोट जानेवारी १९३८ मध्ये निघाली, पाच रुपयांची, सहाव्या जॉर्जचं चित्र असलेली. त्याच वर्षी दहा हजारांचीही नोट निघाली होती. ती १९४६ मध्ये रद्द झाली, १९५४ मध्ये परत आली आणि १९७८ मध्ये पुन्हा रद्द झाली. नोटाबंदी २०१६ सालीच पहिल्यांदा झाली असं मानणाऱ्या घरातल्या तरुण मंडळींना हा हिशेब सांगण्यासारखा आहे. लहान मुलं बरोबर असतील तर खिशातली नोट त्यांच्या हातात द्या आणि तिच्यावर किती लिपी दिसतात ते मोजायला सांगा. तेवढ्या वेळात तुमचं निवांत पाहून होईल.

साडेबारा वाजता मात्र बाहेर पडा. हे काटेकोर पाळा, कारण एक वाजता अख्खा फोर्ट जेवायला उतरतो. गनबो स्ट्रीटला प्रदीप गोमांतक आहे. मासे खाणाऱ्यांनी तिकडे वळावं. फोर्ट-गिरगावात अशी गोमांतक भोजनालयं का निघाली ते जेवताना सहज ध्यानात येतं. कोकण-गोव्यातून एकटे पुरुष गोदीत, कचेऱ्यांत, छापखान्यांत कामाला आले, दहा जणांत मिळून एक खोली घेतली आणि दोन वेळच्या जेवणाची सोय खानावळीत लावली. त्या खोल्या गेल्या, पण जेवण तसंच राहिलं: भात, कढी, तळलेला तुकडा, सोलकढी, आणि उगाच रेंगाळायचं नाही ही शिस्त. टेबल अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यावं लागलं तर तोंड वाकडं करू नका. मेनूकार्ड वाचण्यापेक्षा ‘आज ताजं काय आहे?’ असं विचारा आणि जे सांगतील ते घ्या. एक खबरदारी: १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत पापलेट-सुरमईचा आग्रह धरला की बर्फातली मासळी पानात येते. त्यापेक्षा सुकं मागा. सुक्या बोंबलाचं कालवण आणि भात हे पावसाळ्यातलं खरं जेवण आहे, गरिबी नव्हे.

शाकाहारी मंडळींनी बोरीबंदर समोरच्या पंचम पुरीवाल्याकडे जावं. जागा चिंचोळी, पुऱ्या कढईतून थेट पानात, बटाट्याची रसभाजी. गाडीतून उतरलेला उपाशी माणूस गिऱ्हाईक धरून हे दुकान चालत आलं आहे, त्यामुळे तिथे सजावट शोधू नका.

पंचमकडे जेवण्याचा आणखी एक फायदा असा की रस्ता ओलांडला की छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची जुनी इमारत. तिच्या मुख्यालयाच्या भागात मध्य रेल्वेचं छोटं वारसा दालन आहे. ते सहसा फक्त कामाच्या दिवशी, दुपारी तीन ते पाच एवढंच उघडं असतं आणि तिकीट थोडं जास्त वाटेल. तरीही पैसे द्या. दालनातल्या वस्तू ठीकच आहेत, जुनी घड्याळं, कंदील, गाड्यांच्या प्रतिकृती. खरी किंमत वसूल होते ती एरवी बंद असलेल्या भागात डोकावायला मिळतं म्हणून. घुमटाखालचा तो आधाराशिवाय तोललेला वाटणारा दगडी जिना खालून पाहिला की रोजच्या स्टेशनाबद्दल नव्याने आदर वाटतो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आराखडा केला, १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं बांधकाम चाललं, आणि कोरीवकामात जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. मोर, माकडं, पानंफुलं नीट पाहा. विलायती घाटाच्या इमारतीत इथलं रान घुसलेलं आहे. १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी या इमारतीतून सुटली, असं पुष्कळांना वाटतं. तेव्हा इमारत नव्हतीच, साधं लाकडी स्थानक होतं.

बाहेर पडल्यावर कावसजी पटेल रस्त्यावरच्या याझदानी बेकरीत ब्रून मस्का आणि चहा घ्या. ब्रून चहात बुडवूनच खायचा, नाहीतर टाळू सोलवटते. आणि परतीची गाडी एक तर पाचच्या आत धरा, नाहीतर साडेआठनंतर. मधल्या वेळेत पाहुण्यांना लोकलमध्ये चढवणं हा पाहुणचार नव्हे.

गिरगाव ते पेडर रोड: शनिवारी, न्याहारीपासून

गिरगावात दुपारी जाऊन उपयोग नाही. सकाळी आठ-साडेआठला चर्नी रोडला उतरा, ठाकुरद्वाराकडे चालत जा आणि फणसवाडीच्या कोपऱ्यावरच्या विनय हेल्थ होममध्ये मिसळ मागवा. मुंबईत कोल्हापुरी-नाशिकच्या झणझणीत मिसळींची लाट आली तरी विनयची चव मुंबईचीच राहिली. तिखट आहे, पण घाम फोडायची ईर्षा नाही. पुणेकर पाहुणे इथे हमखास वाद घालतील. घालू द्या, मिसळ संपेपर्यंत ते गप्प बसतात. वर पणशीकरांकडचं पियूष घ्या. पोट जड होईल, पण पुढे बरंच चालायचं आहे.

खोताच्या वाडीतून जा. लाकडी जिने, व्हरांडे असलेली ती घरं अजून काही उरली आहेत. ही लोकांची राहती घरं आहेत, तेव्हा खिडकीतून मोबाइल आत घालून फोटो काढू नका. याच वाडीतलं अनंताश्रम कधीच बंद झालं. माशांच्या जेवणासाठी नावाजलेली ती खानावळ शोधत अजून कुणी ना कुणी येतं आणि परत जातं. जुन्या खानावळीला जाण्याआधी ती आहे का एवढं विचारून घ्या, हे म्हणूनच.

तिथून गावदेवीच्या दिशेने चालत गेलं की लॅबर्नम रोडवर मणिभवन लागतं. रेवाशंकर जगजीवन झवेरी यांच्या या घरात १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की उतरत. गर्दी नाही, आणि परदेशी प्रवाशांइतके मुंबईकर इथे दिसत नाहीत ही जरा लाजिरवाणी गोष्ट आहे. १९१९ च्या रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाची हालचाल इथून झाली. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे गांधीजींना अटक झाली ती याच घराच्या गच्चीवरून. तिथे ते तंबूत झोपले होते. खालच्या मजल्यावरच्या ग्रंथालयात मिनिटभर थांबा, मग वर त्यांची खोली बघा. काचेपलीकडे गादी, चरखा, एवढंच. त्यांच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांतून मांडले आहेत. मोठ्यांना ते बाळबोध वाटतील, मुलं मात्र तिथेच खिळतात. १९५९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग भारतात आले तेव्हा त्यांनी हॉटेलाऐवजी इथे मुक्काम करायचं ठरवलं होतं. जिना लाकडी आणि उभा आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी खालचं ग्रंथालय बघून थांबावं.

अकरानंतर टॅक्सी करून पेडर रोडला जा. तिथे फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय आहे. २०१९ मध्ये ते सुरू झालं आणि आजही बऱ्याच टॅक्सीवाल्यांना माहीत नाही, तेव्हा ‘फिल्म्स डिव्हिजन’ असं सांगा. सोमवारी बंद. दोन इमारती आहेत: गुलशन महल हा जुना बंगला, आणि मागची नवी, काचेची. वेळ कमी असेल तर गुलशन महलच बघा. नव्या इमारतीत बटणं दाबायची, पडद्यावर स्वतःला पाहायची गंमत आहे आणि मुलं तिकडेच ओढतील, पण माल जुन्या बंगल्यात आहे.

मराठी माणसाला इथे सगळं ओळखीचं भेटत जातं. ल्युमिए बंधूंची चलच्चित्रं ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. ती पाहून झपाटलेले सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला लोकांसमोर आला तो कॉरोनेशन सिनेमात, म्हणजे सकाळी तुम्ही मिसळ खाल्लीत त्याच गिरगावात. प्रभात, बॉम्बे टॉकीज, मूकपट ते बोलपट हा प्रवास दालनादालनांतून पुढे जातो. दोन तास तरी हवेत. इथून जवळ मनासारखी खानावळ नाही, हे मान्य करायला हवं. पेडर रोड हा श्रीमंतांच्या बंगल्यांचा रस्ता. तिथे कामकरी माणसाच्या ताटाची सोय कुणी केली नाही. जेवायला खाली चौपाटीवर उतरा. विल्सन कॉलेजच्या बाजूला क्रिस्टल आहे, घरगुती उत्तर हिंदुस्तानी जेवणाचं: राजमा, फुलके, खीर. पूर्वी आसपासच्या वसतिगृहांतली मुलं इथे जेवायची, आणि ताटाचं रूप अजून तसंच साधं आहे.

भायखळा आणि लालबाग: बुधवार सोडून

डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय अगदीच अनोळखी नाही. राणीच्या बागेत शाळेच्या सहलीला गेलेला प्रत्येक जण त्याच्या दारावरून गेलेला असतो. आत गेलेले मात्र थोडे. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद. १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने ते खुलं झालं. १९७५ मध्ये त्याला ज्यांचं नाव दिलं ते भाऊ दाजी डॉक्टर होते, प्राचीन लिपींचे अभ्यासक होते, आणि मुंबईचे शेरीफही होते. आतल्या वस्तू पाहण्याआधी इमारत पाहा: लोखंडी खांब, सोनेरी नक्षी, छताचा रंग. नूतनीकरणाच्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, तो का ते सांगावं लागत नाही. वरच्या मजल्यावर मातीच्या लहान मूर्ती आहेत, एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईतल्या जातीजमातींच्या, धंदेवाल्यांच्या. पगड्यांचे प्रकार मोजत एक तास सहज जातो.

पण या संग्रहालयाची खरी मजा बाहेर आहे आणि तिकडे कुणी फिरकत नाही. घारापुरीच्या बेटाला इंग्रजीत एलिफंटा नाव ज्याच्यामुळे पडलं तो दगडी हत्ती इथे उभा आहे. १८६४ मध्ये त्याला विलायतेला नेण्याचा घाट घातला गेला, उचलताना तो पडला आणि फुटला. तुकडे पुढे १९१४ मध्ये जुळवले गेले. जवळच एक घोडेस्वार आहे. तो सातवा एडवर्ड, म्हणजे मूळचा काळा घोडा. १९६५ मध्ये त्याला फोर्टातून हलवून इथे आणलं. काळा घोडा महोत्सवाला दरवर्षी लाखभर माणसं जातात, पण खरा घोडा कुठे आहे असं विचारलं तर त्यातले बहुतेक खांदे उडवतील.

जेवायला लालबागला या, बसने दोन-तीन थांबे. हबीब टेरेसमधल्या लाडू सम्राटकडे कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, मिसळ असं गिरणगावातलं खाणं मिळतं, आणि निघताना लाडू बांधून घेता येतात. घरी न्यायला चिवडा गल्ली आहेच. एप्रिल-मे महिन्यांत आलात तर मसाल्याच्या बाजारातून जा: बेडगी, काश्मिरी, संकेश्वरी मिरच्यांच्या राशी, आणि वर्षाचा मसाला कांडून घ्यायला दूरदूरच्या उपनगरांतून आलेल्या बायका. डोळ्यांना चष्मा किंवा निदान हातात रुमाल हवा. गणपतीच्या दहा दिवसांत मात्र जेवायला म्हणून लालबागला जाऊ नका. दर्शनाला जा, तो वेगळा बेत आहे.

दोन आडवाटा

सायन-वडाळ्याच्या मध्ये बेस्टचं आणिक आगार आहे आणि त्यात बेस्टचं संग्रहालय. आगारातल्या सुरक्षारक्षकाला विचारल्याशिवाय ते सापडत नाही. आठवड्याच्या सुरुवातीचे दोन दिवस सोडून जा, आणि इथे आधी फोन करणं खरोखरच गरजेचं. प्रवेश फुकट. घोड्यांच्या ट्रामपासून (१८७४) विजेच्या ट्रामपर्यंत (१९०७), पहिल्या मोटारबसपासून (१९२६) दुमजली बसपर्यंत (१९३७) सगळ्यांच्या प्रतिकृती, जुनी तिकिटं, तिकीट छापायची यंत्रं. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. ती पाहिलेलं कुणी घरात असेल तर त्यांना बरोबर न्याच, कारण इथे पाट्यांपेक्षा त्यांच्याकडून जास्त कळेल. खायला सायन पश्चिमेला गुरुकृपा: छोले-समोसा, उभ्या उभ्या. फाळणीनंतर मुंबईत आलेल्या सिंधी-पंजाबी मंडळींनी सायनच्या खाण्याला जे वळण दिलं, त्याची चव त्या एका प्लेटमध्ये आहे.

गोरेगाव पूर्वेला आरे रस्त्यावर सेंट पायस कॉलेजच्या आवारात मुंबई धर्मप्रांताचं वारसा संग्रहालय आहे, २०११ मध्ये सुरू झालेलं. लाकडी आणि हस्तिदंती मूर्ती, चांदीची पात्रं, जुनी वस्त्रं. वसई-साष्टीच्या पोर्तुगीज काळाबद्दल आपण बखरींच्या बाजूने पुष्कळ वाचलेलं असतं. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतलेल्या वसईतली माणसं कुठल्या मूर्तींपुढे गुडघे टेकत होती ते इथे दिसतं. खाण्यासाठी या भागात मी काही सुचवत नाही. ईस्ट इंडियन घरांतलं बॉटल मसाल्याचं कालवण आणि फुगे हॉटेलात क्वचितच मिळतात. ओळख काढून घरगुती ऑर्डर द्यावी लागते, तीही दोन दिवस आधी.

दादर आणि माटुंगा: रविवारी

रविवारचा मेगाब्लॉक आधी बघा. ‘माटुंगा ते मुलुंड’ हे शब्द मध्य रेल्वेच्या प्रवाशाला पाठच असतात. ब्लॉक धीम्या मार्गावर असेल तर दादरला उतरून पुढचं सगळं पायी करा, तसंही अंतर फार नाही.

दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं घर. पुस्तकांसाठी घर बांधणारी माणसं जगात फार नसतात. हे घर तसं बांधलेलं आहे. तळमजल्यावर त्यांच्या वापरातल्या वस्तू, फोटो, भांडीकुंडी मांडली आहेत. रमाबाईंचं निधन २७ मे १९३५ ला याच घरात झालं. वर कुटुंबाचं राहतं घर आहे, तेव्हा आवाज जपून, आणि विचारल्याशिवाय फोटो नाही. ६ डिसेंबरच्या आगेमागे इथे आणि चैत्यभूमीवर देशभरातून माणसं येतात. अभिवादनासाठी जायचं तर तेव्हाच जावं, पण एकेक वस्तू शांतपणे पाहायची असेल तर दुसरा एखादा रविवार निवडा.

बाहेर पडल्यावर कॉलनीच्या गल्ल्यांतून माटुंग्याकडे चालत निघा. झाडांच्या सावलीतला हा भाग आपोआप असा झालेला नाही. १८९६ च्या प्लेगनंतर दोन वर्षांनी मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दाटीच्या वस्त्यांना पर्याय म्हणून दादर-माटुंग्याची आखणी केली: रुंद रस्ते, ठरावीक उंचीची घरं, मध्ये बागा. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, पाच उद्यानं ही सगळी त्याच आखणीची. इथल्या नव्या घरांत दक्षिणेकडचे कारकून, टंकलेखक, मास्तर राहायला आले, आणि त्यांच्यामागोमाग उडुपीची स्वयंपाकघरं आली.

त्यांतलं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग माटुंगा स्टेशनच्या अगदी लगत, बाजाराच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे, १९४२ पासून. सोमवारी बंद. रविवारी एक वाजता गेलात तर जिन्यावर उभं राहावं लागेल. साडेअकराला जा किंवा दोननंतर. आधी कूपन घ्यायचं, मग नंबर येईपर्यंत थांबायचं. केळीचं पान सांगा, ताट नको. सांबार, रसम, दोन भाज्या, पापड, ताक, आणि भात वाढणारा माणूस नजर चुकवत नाही. रसमाचा भात हातानेच खा. चमचा मागितला तर देतील, पण पानावर चमचा नुसता घसरतो. स्वयंपाकघर पाहायचं असेल तर खुशाल विचारा, बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत. गोडाला पोटात जागा ठेवा, भाताची दुसरी वाढी घेण्याआधीच तो विचार करा. जेवून झाल्यावर हात धुऊन लगेच जागा सोडायची, गप्पा खाली बाजारात. तिथे केळीची पानं, मोगऱ्याचे गजरे, कॉफीची ताजी पूड मिळते. पूड घेताना चिकोरी किती हवी ते आधीच सांगा. नाही सांगितलंत तर दुकानदार आपल्या अंदाजाने घालतो.

परतताना लक्षात असू द्या, माटुंग्याला जलद गाडी थांबत नाही.